ऑक्सिजन सेन्सर: कधी जपायचा, कधी बदलायचा

गाडीने लाखाचा पल्ला ओलांडला की सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये बऱ्याचदा एक नवी ओळ दिसू लागते: ‘ओटू सेन्सर – बदलणे’. तीच गाडी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री म्हणतो, ‘कशाला साहेब, खोलून साफ करून देतो.’ तिसरा कोणी स्कॅनर लावून बघतो आणि सेन्सर ठणठणीत असल्याचा निर्वाळा देतो. त्याच्या मते दोष सायलेन्सरच्या फुटक्या जोडात असतो. गाडीमालकाच्या पदरात एकाच लक्षणाची तीन निदानं पडतात आणि खर्चाचे आकडेही तीन.

या तिघांपैकी कोणीतरी लबाड असलाच पाहिजे असं नाही. प्रत्येकाचं म्हणणं गाड्यांच्या कुठल्या ना कुठल्या पिढीला लागू पडतं. एका तारेचा जुना सेन्सर, चार तारांचा हीटरवाला सेन्सर आणि पाच-सहा तारांचा वाइडबँड सेन्सर ही एकाच नावाने वावरणारी तीन वेगळी यंत्रं आहेत. त्यांचं आयुष्य, तपासणी आणि किंमत सगळंच निराळं. वादातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. त्यामुळे आधी हा तुकडा गाडीत आला कुठून, ते पाहू. हा आढावा मुख्यतः पेट्रोल गाड्यांचा आहे. नव्या डिझेल गाड्यांतही असे सेन्सर असतात, पण तिथलं गणित वेगळं आहे.

धुरामागचा इतिहास

ऑक्सिजन सेन्सरचा जन्म इंजिन चांगलं चालावं म्हणून झाला नाही, धूर कमी व्हावा म्हणून झाला. लॉस एंजलिसवर साचणाऱ्या धुरक्यामुळे कॅलिफोर्नियाने गाड्यांवर कडक नियम घातले, १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने अमेरिकाभर तोच रोख धरला, आणि कारखानदारांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे वळावं लागलं. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्ही विषांचा एकदम बंदोबस्त करणारा कन्व्हर्टर मात्र भलता नाजूक निघाला. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या अगदी आसपास मिश्रण राहिलं तरच तो तिन्ही कामं करतो. पेट्रोल जास्त झालं तर पहिली दोन विषं सुटतात, हवा जास्त झाली तर तिसरं. या नेमक्या प्रमाणाला अभियंते ‘लॅम्डा एक’ म्हणतात. युरोपात या सेन्सरला लॅम्डा सेन्सर म्हणतात ते त्यावरूनच.

कार्बुरेटरला इतकं काटेकोर राहणं जमणारं नव्हतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला हे सतत पाहून आत जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणारं काहीतरी हवं होतं. जर्मनीच्या बॉश कंपनीने ते बनवलं आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ते पहिल्यांदा बसलं. त्यामागचं शास्त्र त्याहून बरंच जुनं होतं. दोन बाजूंना ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं असेल तर मधल्या पदार्थात किती व्होल्टेज तयार होईल, याचं समीकरण वॉल्थर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं होतं. त्याला पुढे १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी, की याच नेर्न्स्टने विजेचा एक दिवा काढला होता आणि त्यातली तापून उजळणारी कांडी झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रियम ऑक्साइड मिसळून केलेली असे. आजच्या सेन्सरमधली सिरॅमिकची टोपी त्याच घराण्यातली.

१९८२ मध्ये सेन्सरला हीटर मिळाला, नव्वदच्या दशकात वाइडबँड आला. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-टू ही गाडीने स्वतःच स्वतःचा बिघाड ओळखण्याची व्यवस्था सक्तीची झाली आणि कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सर बसू लागला. त्याचं काम पहिल्यापेक्षा वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडे ही गाडी उशिरा सुटली, पण नंतर वेगात धावली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. शिसं हे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांचंही विष, त्यामुळे एकाशिवाय दुसरं शक्यच नव्हतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं. त्याच सुमारास कार्बुरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला स्वतंत्र इंधनफवारा, आलं आणि सामान्य माणसाच्या गाडीत पहिल्यांदा ऑक्सिजन सेन्सर शिरला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२ मध्ये इंधनधोरणाचा आराखडा दिला आणि भारत स्टेज या उत्सर्जननियमांच्या पायऱ्यांना वेळापत्रक मिळालं. एप्रिल २०१० पासून ओबीडी व्यवस्था आपल्याकडेही टप्प्याटप्प्याने आली, २०१३ मध्ये तिची पुढची पायरी. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ लागू झाला आणि मोटरसायकल-स्कूटरच्या सायलेन्सरमध्येही हा सेन्सर जाऊन बसला. तोवर चारचाकीवाल्यांचं असलेलं हे दुखणं आता दुचाकीवाल्यांच्याही वाट्याला आलं आहे.

सेन्सर नेमकं काय बघतो

एक्झॉस्टच्या नळीत मळसूत्रासारखा घट्ट बसवलेला, स्पार्क प्लगचा थोराड भाऊ वाटावा असा हा तुकडा. आतल्या सिरॅमिकच्या एका अंगाला गरम धूर लागतो, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडे प्लॅटिनमचा पातळ थर. सिरॅमिक साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात आणि दोन बाजूंतल्या फरकाइतकं व्होल्टेज उमटतं. धुरात ऑक्सिजन जवळपास नाही, म्हणजे पेट्रोल जास्त: सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन भरपूर, म्हणजे पेट्रोल कमी: सुमारे ०.१ व्होल्ट. मधला ०.४५ हा काठ. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, या काठावरून सतत इकडे-तिकडे झुलत राहतो: जरा पेट्रोल वाढव, जरा कमी कर.

स्कॅनरवर हा झोका स्पष्ट दिसतो. इंजिन नीट तापल्यावर अडीच हजार आरपीएमला धरून आलेख पाहिला, तर पहिल्या सेन्सरची रेघ करवतीच्या दातांसारखी वर-खाली होत राहते. दुसऱ्या सेन्सरची रेघ जवळपास सपाट, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास रेंगाळलेली. कन्व्हर्टर आपल्या अंगात ऑक्सिजन साठवून ठेवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे त्याच्या पलीकडे झोके पोचत नाहीत. दुसरा सेन्सरही पहिल्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टरची साठवण संपली असं ईसीएम समजतो आणि पी०४२० हा कोड टाकतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचे बहुतेक वाद तिच्यापाशी येऊन अडतात. हा सेन्सर पेट्रोल बघतच नाही, फक्त ऑक्सिजन बघतो. समजा, एका सिलिंडरचा प्लग मेला. त्या सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता एक्झॉस्टमध्ये आली. सेन्सरला दिसतो तो भरपूर ऑक्सिजन, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘पेट्रोल कमी पडतंय.’ ईसीएम आणखी पेट्रोल सोडतो. ते जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं, कन्व्हर्टर लाल होतो, गाडी पेट्रोल पिऊ लागते, आणि गॅरेजमध्ये दोष सेन्सरवर येतो. बदललेला नवा कोरा सेन्सरही हेच सांगणार. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जात असली, इनटेकचा एखादा व्हॅक्यूम पाइप तडकला असला, गाडीतल्या फ्युएल पंपाचा दाब कमी पडत असला, तरी सेन्सरचा निरोप तोच आणि कोडही बहुधा तोच: पी०१७१. चोर सोडून संन्याशाला फाशी हा प्रकार गॅरेजमध्ये रोज घडतो तो असा.

वाइडबँड सेन्सर काठ न बघता प्रमाणच मोजतो. त्याच्यात एक छोटा पंप-कक्ष असतो. आतल्या पोकळीत ऑक्सिजन नेमका हवा तेवढा राहावा म्हणून किती प्रवाह द्यावा लागला, त्यावरून मिश्रण कितपत पातळ किंवा दाट ते कळतं. तो सातशे-आठशे अंशांवर काम करतो, त्यामुळे हीटरशिवाय त्याचं पानही हलत नाही. साधं मल्टिमीटर लावून ०.१ ते ०.९ चा झोका शोधणाऱ्या मिस्त्रीला तो बिघडलेलाच वाटेल.

कशाने बिघडतो

हीटरची तार तुटणं हा सगळ्यात सरळ बिघाड. पी०१३५ किंवा पी०१४१ कोड येतो, थंड सेन्सरच्या हीटरचा ओहम मोजला की उघडं किंवा शॉर्ट असणं लगेच कळतं. फक्त त्याआधी फ्यूज आणि कपलर बघायचे. पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदरांनी वायर कुरतडलेली असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नसतो.

दुसरा प्रकार विषबाधेचा. टॅपेट कव्हरला किंवा ऑइलच्या संपला चुकीचं सिलिकॉन लावलं तर त्याची वाफ इंजिनात ओढली जाते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरी पूड बसते. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळत असेल तर त्यातली रसायनं, रिंगा झिजून इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस आणि जस्त, असा प्रत्येकाचा थर निराळा. काळी काजळी मात्र विष नाही. ती दाट मिश्रणाची खूण, आणि मूळ दोष काढला तर ती बरीचशी आपोआप जळून जाते. सेन्सर खोलला की त्याचं टोक नीट बघून ठेवावं, बदलायचा असला तरीही. इंजिनाच्या दुखण्याचा पुरावा त्यावर असतो आणि तो पुसून टाकला की नव्या सेन्सरचीही तीच गत होते.

तिसरा शत्रू पाणी. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की ते तडकतं. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून ठिबकणारं पाणी आपण बघतो, तसलंच पाणी नळीत आतही साचलेलं असतं. म्हणून अनेक गाड्यांत नळी पुरेशी तापेपर्यंत ईसीएम हीटर पूर्ण जोराने चालवत नाही. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच नाही तरी काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागण्यामागे हे कारण असू शकतं. पाणी कपलरमध्ये शिरलेलं असणंही तितकंच शक्य आहे.

आणि चौथं निव्वळ वय. सेन्सर मरत नाही, मंदावतो. झोका घेतो, पण आळसावल्यासारखा. ईसीएमला ते खटकलं तर पी०१३३ कोड येतो, आणि खटकेपर्यंत गाडी दिव्याशिवायच थोडं जास्त पेट्रोल खात राहते. खरा वाद आहे तो या चौथ्या प्रकाराचा.

किलोमीटर मोजायचे की लक्षणं

पहिला पक्ष म्हणतो, ठरावीक अंतराने बदला. या पक्षाला इतिहासाचा आधार आहे. जुन्या व्होल्वोंत दर ३० हजार मैलांना, म्हणजे सुमारे ४८ हजार किलोमीटरला, सेन्सरची आठवण करून देणारा दिवाच डॅशबोर्डवर असे. सेन्सर बनवणाऱ्या कंपन्यांचा ढोबळ सल्लाही वर्षानुवर्षं असाच चालत आला: हीटर नसलेला सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर, हीटरवाला साधारण लाखभर, अलीकडचे दीड लाखाच्या पुढे. मंद सेन्सर बराच काळ कोड टाकत नाही, मालकाला कळत नाही आणि तोवर कन्व्हर्टर, जो सेन्सरच्या कितीतरी पट महाग, हळूहळू भाजत राहतो. सेन्सर वेळेवर बदलणं हा त्याचा विमा, असं या पक्षाचं म्हणणं. सल्ला देणाऱ्या कंपन्याच सेन्सर विकतात हे खरं, पण तेवढ्यावरून युक्तिवाद खोटा ठरत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, तपासा आणि मगच बदला. त्यांचा आधार नव्या गाड्यांचा. भारत स्टेज ६ मध्ये उत्सर्जनव्यवस्थेचा टिकाऊपणा १ लाख ६० हजार किलोमीटरांसाठी धरला आहे, आणि बहुतेक नव्या गाड्यांच्या मालकपुस्तिकेत सेन्सर ठरावीक मुदतीत बदलायच्या भागांच्या यादीत नसतो. शिवाय स्कॅनर आता स्वस्त झाला आहे. पहिल्या सेन्सरचा झोका, फ्युएल ट्रिमचे (ईसीएम पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचे) आकडे आणि दोन-तीन सोप्या प्रयोगांत निकाल लागतो. इंजिन चालू असताना एखादा व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढला की रेघ झटकन खाली गेली पाहिजे. इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला की झटकन वर. दोन्ही हालचाली चपळ असतील तर सेन्सर निर्दोष. रेघ एकाच जागी चिकटलेली असेल किंवा दमल्यासारखी चढत असेल, तर तो बदला.

मला हा दुसरा पक्ष जास्त पटतो, एका अटीवर: तपासणारा माणूस खरंच आलेख बघणारा हवा. स्कॅनर लावून कोडच्या वर्णनात सेन्सरचं नाव वाचायचं आणि नवा सेन्सर मागवायचा, याला तपासणी म्हणत नाहीत. असा माणूस जवळपास नसेल आणि गाडी जुन्या पिढीतली, दीड लाख चाललेली असेल, तर पहिल्या पक्षाचा सल्लाही अगदीच वाया जाणारा नाही.

तिसरा पक्ष साफसफाईवाल्यांचा. पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवणं, ब्लो टॉर्चने टोक लाल करणं, कार्ब क्लीनर मारणं हे उपाय गॅरेजांत सर्रास चालतात, आणि कधीकधी गाडी नंतर खरंच सुधारते. कारण काजळी जळून गेलेली असते किंवा सेन्सर काढता-घालताना कपलरचा गंज खरवडला गेलेला असतो. विषबाधा झालेलं प्लॅटिनम मात्र बुडवल्याने परत येत नाही, आणि टॉर्चच्या एकतर्फी आचेने चांगलं सिरॅमिक तडकण्याची भीती राहते. सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या साफसफाईला सरसकट नकार देतात. तो नकार धंद्याच्या सोयीचा असला तरी तांत्रिक बाजूही त्यांच्याच पारड्यात जाते.

कुठला घ्यायचा आणि बसवायचा कसा

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी केली तर एकाच गाडीसाठी तीन भाव ऐकू येतात: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातला आणि ‘लोकल’. दीड-दोन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत फरक पडतो, वाइडबँडचा त्याहून जास्त. पहिल्या दोन खोक्यांत बऱ्याचदा एकच वस्तू असते. गाडीच्या कंपन्या सेन्सर स्वतः बनवत नाहीत, बॉश, डेन्सो, एनटीके अशांकडून घेतात. जुन्या सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर जुळवून दुसऱ्या खोक्यातला घेणं हा शहाणा मध्यममार्ग आहे, यावर सर्व पक्षांचं एकमत दिसतं.

मतभेद आहेत ते ‘युनिव्हर्सल’ सेन्सरवर, म्हणजे जुना कपलर कापून नव्या तारांना जोडायच्या प्रकारावर. बाजू घेणारे म्हणतात, सेन्सर तोच, नुसता कपलरचा पैसा वाचला. विरोधकांचा मुद्दा बारीक पण महत्त्वाचा आहे: अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आवरणातून, तारेच्या धाग्यांमधल्या फटीतून मिळते. जोडावर रसरशीत सोल्डर ओतलं किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं तर ती वाट बुजते आणि चांगला सेन्सरही खोटं बोलू लागतो. जोड द्यायचाच असेल तर दाबून बसवायच्या क्रिंपने द्यावा. वाइडबँडमध्ये हा प्रकार टाळावाच. त्याचा प्रत्येक नग कारखान्यात जुळवलेला असतो आणि ती जुळवणी पुष्कळदा कपलरमध्येच असते.

बसवण्याचं काम अवघड नाही, खोलण्याचं आहे. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत आठ-दहा वर्षं काढलेल्या गाडीचा सेन्सर एक्झॉस्टशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी इंजिन थोडं कोमट करायचं आणि तारेसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा खास सॉकेट लावायचा. उघडा पाना लावून जोर केला की कडा गोल होतात आणि मग नळीसकट प्रकरण वाढतं. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा जाम न होण्याचा लेप लावूनच येतो. नसेल तर अगदी पातळ लावायचा, टोकाला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून शाबूत दिसला तरी वापरू नये.

ॲव्हरेज, इथेनॉल आणि सीएनजी

‘सेन्सर बदला, ॲव्हरेज वाढेल’ या दाव्याचं काय? अमेरिकन सरकारच्या इंधनबचतीच्या सल्ल्यात सदोष ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त केल्याने ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते, असं वाक्य अनेक वर्षं होतं आणि ते जगभर फिरलं. त्यातला ‘पर्यंत’ बहुतेकांनी गाळला. पूर्ण मेलेल्या सेन्सरमुळे ईसीएम सुरक्षित म्हणून दाट मिश्रणावर जाऊन बसला, तर नुकसान मोठं असतं. नुसत्या मंदावलेल्या सेन्सरचं नुकसान त्याच्या पासंगालाही पुरत नाही. चालत्या सेन्सरच्या जागी नवा बसवून काहीच फरक पडत नाही, हेही तितकंच खरं.

इथेनॉलच्या वादात हा सेन्सर नकळत ओढला गेला आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना इथेनॉलने नवं उत्पन्न दिलं, आणि २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेलं वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर नेहमीचं झालं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला १४.७ तर वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. बंद फेऱ्यातली गाडी, म्हणजे सेन्सरच्या निरोपावर चालणारी, हा फरक ओळखते आणि पेट्रोल वाढवून लॅम्डा एकवर परत येते. फ्युएल ट्रिमला वीसेक टक्क्यांची मुभा असते, फरक त्याच्या आत बसतो. जुन्या कार्बुरेटरच्या स्कूटरला हे डोळेच नाहीत, ती तशीच पातळ मिश्रणावर चालते. इथवर कोणाचं दुमत नाही.

दुमत आहे ते खिशावर. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने शुद्ध पेट्रोलसाठी आखून दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दहा टक्क्यांसाठी आखून वीस टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट धरली होती. अनेक मालकांचा अनुभव याहून जास्त घट झाल्याचा आहे, आणि या मिश्रणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली तरी रस्त्यावरची चर्चा थांबलेली नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच: अशा घटीला सेन्सर बदलणं हा उपाय नाही. मात्र आधीच फ्युएल ट्रिम पंधरा टक्के वर गेलेल्या, व्हॅक्यूम गळत असलेल्या गाडीत इथेनॉलची चार-पाच टक्क्यांची भर पडली की मर्यादा ओलांडली जाते, दिवा लागतो, आणि दोष कधी सेन्सरवर तर कधी पंपावर ढकलला जातो. दोन्ही बाजूंना दिसत नाही तो तडकलेला पाइप.

सीएनजीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. गॅसला हवेचं प्रमाण १७ च्या पुढे लागतं. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीत ईसीएमला दोन्ही इंधनांची भाषा येते. बाहेरून बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये मात्र सेन्सरच्या तारेवर एक इम्युलेटर बसवून ईसीएमला खोटा झोका दाखवला जाई, म्हणजे दिवा लागत नाही. अशा गाडीचा सेन्सर तपासताना आधी ती डबी शोधून बाजूला करावी लागते, नाहीतर आलेख सेन्सरचा नसून डबीचा असतो.

पीयूसीला काय दिसतं

उरलेला प्रश्न नियमांचा आहे. भारत स्टेज ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीच्या पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम या मर्यादा आहेत. अडीच हजार आरपीएमच्या आसपास लॅम्डा १ च्या तीन शतांश इकडे-तिकडे असावा, असंही नियम सांगतो. ही लॅम्डाची तपासणी म्हणजे खरं तर पहिल्या सेन्सरचीच परीक्षा. ती मनापासून घेतली जाते का, हे प्रत्येक गाडीमालकाने आपल्या पीयूसी केंद्रावर पाहिलेलं आहे. नळी सायलेन्सरमध्ये घातली न घातली तोच कागद हातात येतो, आणि अडीच हजार आरपीएमवर गाडी धरायला फारसं कोणी सांगत नाही.

कॅलिफोर्नियाने २०१५ पासून २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी नळीची तपासणी सोडून गाडीच्या ओबीडीतला नोंदींचा संच वाचायला सुरुवात केली. आपल्याकडेही ती सोय २०१३ नंतरच्या गाड्यांत आहेच, मग पीयूसीत तो प्लग का लावू नये, असा एक विचार आहे. त्याने दुसरा सेन्सर बंद करून, नळीत स्पेसर घालून किंवा कन्व्हर्टरच काढून चालवलेल्या गाड्या पकडणं सोपं होईल. आतल्या मौल्यवान धातूंसाठी ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरून नेण्याच्या तक्रारी महाराष्ट्रात आणि गुजरातेत झाल्या, त्या काळात रिकाम्या नळीवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रश्न नुसता कागदी राहिलेला नव्हता. उलट बाजू अशी, की ओबीडीतल्या नोंदी गॅरेजमध्ये दोन मिनिटांत पुसता येतात, ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून कोड कायमचा गप्प करता येतो, आणि मध्यमवर्गीय मालकाला एका दिव्यापायी हजारोंचा खर्च करून मग प्रमाणपत्र घ्यावं लागेल. कॅलिफोर्नियात यावर तोडगा म्हणून गाडीच्या स्व-तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही पाहिलं जातं. कोड पुसून लगेच आलेली गाडी परत पाठवली जाते.

दुरुस्तीच्या माहितीचा प्रश्नही याला जोडून येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतलं. तरी वाइडबँड सेन्सरच्या तपासणीचे कंपनीगणिक वेगळे आकडे, कुठल्या आरपीएमला किती प्रवाह अपेक्षित, ही माहिती नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत अजून सहज पोचत नाही. पहिल्या भारत स्टेज ६ गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून लाखाच्या घरात आल्या आहेत आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून नाक्याकडे वळू लागल्या आहेत. तिथल्या मिस्त्रीकडे आज आहे ते मल्टिमीटर आणि चार तारांच्या सेन्सरचा वीस वर्षांचा अनुभव.